कच्चं शूटिंग

माणूस सगळ्या मुलखाच्या लग्नात उभा राह्यला, अन् त्याच्या स्वतःच्या घरात त्याचा एक धड फोटो नाही. सांगा बरं, कोणाले खरं वाटीन?

आमच्या घरचे, म्हणजे माझे मालक, शूटिंगवाले होते. सुलतानपूरले बसथांब्यापाशी पाटी होती, 'दयाराम व्हिडिओ शूटिंग'. तिच्यावर कॅमेऱ्याचं चित्र होतं, पण पेंटरनं ते असं काढलं होतं का लोकायले पाण्याची मोटर वाटे. तुळशीचं लग्न लागलं का हा माणूस जो बॅग घेऊन निघे, तो पेरणीपर्यंत घरात टिकत नव्हता. मेहकर म्हणू नका, लोणार म्हणू नका, पार सिंदखेड राजापर्यंत. लोकायच्या पंगतीत जेवे अन् घरी आला का मले म्हणे, "वच्छे, जरासं पिठलं टाक वं. बुंदी खाऊ खाऊ जीभ मेली." मी बडबड करत पिठलं टाकत होती. दुसऱ्या बायायचे नवरे मुहूर्ताले बायकोच्या संगं मिरवत, माझा नवरा प्रत्येक मुहूर्ताले दुसऱ्याच्याच मांडवात.

चार वर्षं झाले त्यायले जाऊन. तेरवीले हार घालाले फोटो पाह्यजे, अन् घर पालथं घातलं तरी एक सापडला नाही. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला. त्यात माणूस असा दिसते जसं पोलिसायनं धरून आणलं. तोच भिंतीवर टांगला आहे. मी त्याच्याकडं पाहतच नाही, तो माझा नवरा वाटतच नाही मले. माझा नवरा कम्प्युटरमधी आहे, अन् तठी तो दिसत नाही, नुसता ऐकू येते. ते कसं, ते सांगते.

लग्नाचं शूटिंग दोन प्रकारचं असते. एक कच्चं, जसं कॅमेऱ्यात आलं तसं. त्याले हे लोक रॉ म्हणतात. दुसरं पक्कं, म्हणजे फायनल. काटछाट करून, वरून गाणे टाकून लोकायले सीडीत देतात ते. पक्क्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणेच वाजतात, माणसाचा शब्द ऐकू येत नाही. कच्च्यात मात्र सगळा कल्ला राह्यते. बँड, पोट्टे, भांडे, कोणाचं तरी रुसणं. अन् सगळ्यात जवळून, कॅमेऱ्याच्या मागून, आमच्या घरच्यायचा आवाज. "बाजूले सरा बे, अंधार करून राह्यले!" "नवरदेव, मान वर. लाजाचं काम नवरीचं आहे." कोणी मामा तोंड पाडून उभा दिसला तं, "मामा, पोरगी देऊन राह्यले, वावर नाही. हासा जरासं!" मामा हासेच. मंग हे बी हासत, आपल्याशीच, नाकातल्या नाकात, हं हं हं. मले ते हासणं पाह्यजे होतं. बाकी काही नाही.

दिवे लागणीले ते कम्प्युटरवर कटिंग करत बसत, अन् मी बाजूले मेथी निवडत बसत होती. एकच वाक्य मागं नेत, पुढं नेत. 'मामा पोरगी, मामा पोरगी, मामा पोरगी.' मी चिडून म्हटलं होतं एकडाव, "अवो, त्या मामाले सोडा आता, सकाळधरून उभा आहे बिचारा!" त्यावर बी हं हं हं. आता मेथी निवडाले बसलं का घर असं चूप राह्यते का जीव नको नको होते. मी मुद्दाम भांडे आपटते.

शूटिंगवाले पक्कं झालं का कच्चं पुसून टाकतात, जागा होते म्हणून. आमच्या घरच्यायनं कम्प्युटर आणल्यापासून कधी पुसलं नाही. त्याचं कारण होतं. गावात कोणाची म्हातारी गेली का पोरं येत. "दयारामभाऊ, आमच्या मायचा एकबी फोटो नाही हो. काकाच्या लग्नात होती ती, पाहा ना जरा." पक्क्यात म्हातारी कधीच नसे, कापलेली असे. कच्च्यात भेटे. कुठीतरी पंगतीच्या कोपऱ्यात, पदर तोंडाले लावून, जिलबी नातवाच्या हातात कोंबताना. मंग हे तिचा फोटो काढून देत. आमच्या गावात भिंतीवर जितक्या म्हाताऱ्या आहेत, त्यातल्या अर्ध्या आमच्या कम्प्युटरातून गेल्या आहेत. मी म्हटलं, "लोकायचे काढता, स्वतःचा एक काढून ठेवा." तं म्हणे, "काऊन? मी काय मरून राह्यलो का?" काय बोलावं अशा माणसाले!

अन् एक खात्री होती त्यायची. म्हणत, "वच्छे, माल दोन ठिकाणी आहे. सी मधी आहे अन् डी मधी बी आहे. एक गेलं तं दुसरं." आमच्याकडं बेणं असंच ठेवतात. लसणाच्या अर्ध्या जुड्या आपल्या आढ्याले टांगायच्या, अर्ध्या भावाच्या घरी. याच्या घरचं किडलं तं त्याच्याकडून आणाचं. माझ्या सासऱ्यायनं जन्मभर तेच केलं, अन् त्यायच्या लेकानं तेच कम्प्युटरात केलं. म्हणून मी बी निश्चिंत होती.

दर दसऱ्याले मी कॅमेऱ्याची अन् कम्प्युटरची पूजा करते. हळदी-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, आपट्याचं पान. पूजा झाली का चालू करून एखादं लग्न ऐकते, मंग पातळ झाकून ठेवून देते. औंदा दसऱ्याले चालू केला तं आतून टक-टक, टक-टक, जसं कोणी अडकित्त्यानं सुपारी फोडून राह्यलं. लग्न काही लागलं नाही. पडद्यावर नुसतं चाक फिरत राह्यलं.

शेखरले फोन लावला. शेखर माझा पोरगा, पुण्यात कंपनीत आहे. तठी राहून त्याचं बोलणं इस्त्रीचं झालं आहे. "आई, हार्ड डिस्क जातीये ती. लगेच बंद कर. ताईकडे चिखलीला जा, एक एक्स्टर्नल डिस्क घ्या आणि फक्त फायनल कॉपी करा. एक टीबीत आरामात बसेल. रॉ ठेवू नका, परक्या लोकांची लग्नं ती, कशाला हवीत आपल्याला?"

"बरं बाबू," म्हटलं अन् फोन ठेवला. आता पोराले काय सांगाचं, का मले तुह्या बापाचं हासणं ऐकाचं आहे? या वयात? लाज वाटली मले, अजून काय.

दिवाळीची वाट पाह्यली नाही. गोधडीत कम्प्युटरचा डब्बा गुंडाळला अन् एस.टी.त मांडीवर घेऊन बसली. कंडक्टर म्हणे, "मावशी, काय आहे वं त्याच्यात?" म्हटलं, "लग्नं आहेत." मेहकरले गाडी बदलली, तरी डब्बा कोणाच्या हातात देला नाही.

चिखलीले माझी पोरगी पुष्पांजली राह्यते. शाळेत मास्तरीण आहे, रविवार होता म्हणून घरीच होती. डब्बा पाहून म्हणे, "आई, बाबाची बॅग कमी होती का, आता तू बी सुरू झाली?" बोलणं हासण्यावारी, पण तिच्या मनात एक काटा आहे, तो मले माहीत आहे. तिच्या लग्नात बी बापानं कॅमेरा दुसऱ्याले देला नाही. कन्यादानापुरता कॅमेरा बंद करून पाटावर बसला, का उठून पुन्हा कॅमेऱ्याच्या मागं. पोरगी अजून म्हणते, "माझ्या लग्नात मले बाप नव्हता, शूटिंगवाला होता. सगळे रडले, बाबा शूटिंग करत होते. अन् पाठवणी बी नीट घेतली नाही. सीडीत पाहा, मी दिसतच नाही, सरळ गाडीच निघते." बोलते अन् मंग हासते. मले तिचं ते हासणं आवडत नाही.

बस स्टँडच्या मागं दीपकचं कम्प्युटरचं दुकान आहे. पोरगी त्याच्याकडूनच सगळं घेते. त्यानं पेचकसानं डब्बा खोलला अन् हातच जोडले. "काकू, हे तं देऊळ आहे!" आत पंख्याले कुंकू चिकटलेलं, तळाले अक्षता, अन् एक वाळलेलं आपट्याचं पान. पुष्पांजलीनं कपाळाले हात लावला. म्हटलं, "हासू नको बे, दसऱ्याले पूजा करत नाही का तू दुकानाची?" तो म्हणे, "करतो काकू, पण बाहेरून करतो."

मंग त्यानं आतली डिस्क काढली, आपल्या मशीनले जोडली अन् कान लावून ऐकली. टक-टक सुरूच. त्याचं हासणं थांबलं. "काकू, हिचं काही खरं नाही. आज चालून राह्यली, उद्याचा भरोसा नाही."

"जाऊ दे नं," म्हटलं, "सी गेली तं डी आहे. आमच्या घरच्यायनं दोन ठिकाणी ठेवलं आहे."

त्यानं माझ्याकडं पाह्यलं, मंग पुष्पांजलीकडं. "काकू, सी अन् डी वेगळे नाहीत. एकाच डिस्कचे दोन भाग आहेत. एकाच घरच्या दोन खोल्या समजा. घर पडलं तं दोन्ही गेल्या."

मी तठीच स्टुलावर बसली. इतके वर्षं ज्या भरोशावर झोपली, तो भावाचं घर नव्हताच, आपल्याच घरची मधली भिंत होती. त्यायले बिचाऱ्यायले कोणी सांगतलंच नाही.

दीपकनं काचेवर दोन डिस्का ठेवल्या. एक बिस्किटाएवढी, चकचकीत. दुसरी जाडी, काळी, वहीएवढी. "ही छोटी, हिच्यात चाक नाही. पडली तरी चालते, अन् पळते बी लय. पण हिची जागा कमी, अन् नुसती कपाटात ठेवून देली, सालोसाल लावलीच नाही, तं ही भरोशाची नाही. ही दुसरी चाकवाली. हळू आहे, आपटली तं संपली. पण नीट ठेवली अन् मधून मधून लावून पाह्यली तं लय दिवस जाते. जागा बी भेटते. हिच्यात एक टीबी आहे, दोन आहे, चार आहे."

"मले चाकवाली," म्हटलं. "आपटाले मी काय लहान आहे?"

"अन् जागा?"

पुष्पांजली मधीच बोलली. "एक टीबी द्या. शेखरनं सांगतलं आहे, फक्त फायनल घ्याचे."

"कच्चं पाह्यजे मले," मी म्हटलं.

"आई, काय करतं वं कच्च्याचं? त्याच्यात नुसता कल्ला राह्यते. लोकायच्या लग्नातला." तिनं लगेच शेखरले फोन लावला अन् आवाज मोठा केला. त्याची इस्त्री सुरू झाली. "आई, हट्ट करू नकोस. रॉ हे कुणीच ठेवत नाही. फायनलमध्ये बाबांचं सगळं काम आहे, त्यांची मेहनत आहे. आधी ते वाचव."

दोघं बहीणभाऊ दोन्हीकडून बोलून राह्यले, अन् मधी ती डिस्क टक-टक करून राह्यली. दीपक हळूच म्हणे, "काकू, घेता येईन दोन्ही, मोठी घेतली तं. पण आधी कोणतं काढू ते सांगा. ही मधातच बंद पडली तं राह्यलेलं गेलं. लवकर सांगा."

मंग माझं डोकं फिरलं. "फायनल, फायनल! अरे, फायनल घरोघरी आहे. ज्याचं लग्न, त्याच्या कपाटात त्याची सीडी आहे. सुलतानपुरात फिरलं तं टोपलंभर गोळा होईन. कच्चं कोणाकडं आहे? नुसतं अठी आहे. अन् फायनलमधी तुमच्या बापाचं काम आहे म्हणता, बाप कुठी आहे त्याच्यात? गाणे आहेत नुसते! बाप कच्च्यात आहे. 'बाजूले सरा बे' म्हणते, 'हासा मामा' म्हणते, खोकलते, हासते. मले त्याचा आवाज पाह्यजे. भिंतीवर चोर टांगला आहे माझ्या, नवरा नाही! दीपक, मोठी काढ, अन् आधी कच्चं काढ."

फोनमधून शेखरचा आवाज आला, पण इस्त्री मोडलेला. "आई, मले तसं सांगाचं नं वं आधी."

दीपकनं दोन टीबीची लावली. म्हणे, दिवस जाईन याच्यात, घरी जाऊन जेवण करून या. पोरीच्या घरी जाऊन भाकर खाल्ली. पुष्पांजली भांडे घासता घासता एकदम म्हणे, "आई, तू एकटी ऐकतं हे?" म्हटलं, "दसऱ्याले." ती पुन्हा भांड्याकडं वळली.

उन्हं कलल्यावर दुकानात गेलो तं टक-टक बंद होती. मी दारातच थांबली. दीपक म्हणे, "गेली काकू. आता लागतच नाही. फायनल चार-दोनच आले." मी विचारलं, "अन् कच्चं?" तो म्हणे, "कच्चं आलं. शेवटचे काही गावं राह्यले, बाकी सगळं आलं."

आमच्या घरच्यायनं सगळ्या लग्नायले नवरीच्या गावाचं नाव देलं होतं. अंजनी, हिरडव, देऊळगाव. त्या सगळ्या गावायच्या मधात एकच नाव माणसाचं होतं, 'पुष्पी'. दीपक म्हणे, "चालते का नाही ते पाहून घ्या. कोणतं लावू?"

पुष्पांजलीनंच सांगतलं. "ते लावा. एकदम शेवटी न्या, पाठवणीपाशी. मले एकडाव पाहूच द्या, काय घेतलं बाबानं ते."

पडद्यावर आमचा मांडव आला. पुष्पी पिवळ्या शालूत, रडून रडून नाक लाल. बाया तिले धरून गाडीकडं नेऊन राह्यल्या. अन् आला तो आवाज, कानाजवळ, जसा बाजूले उभा आहे. "हं, येऊ द्या, येऊ द्या. हळू. सरा बे, अंधार नका करू. नवरी, जरासं इकडं..." नवरीनं इकडं पाह्यलं. सरळ कॅमेऱ्यात पाह्यलं अन् म्हटलं, "बाबा."

चित्र हाललं. मी जन्मात त्यायचं चित्र हाललेलं पाह्यलं नव्हतं. लोक म्हणत, दयारामच्या हातात खांब गाडला आहे. "इकडं नको पाहू माय," ते म्हणत होते, अन् आवाज त्यायचा वाटत नव्हता. "पुढं पाह्य. जाय. जाय माय माझी." मंग चित्र खाली खालीच गेलं. जमीन दिसाले लागली, सांडलेल्या अक्षता, कोणाची तरी चप्पल. कॅमेरा सुरूच होता. कॅमेऱ्याले तोंड लावून माणूस रडत होता, दाबून दाबून, कोणाले ऐकू जाऊ नये असा.

तेवढ्यात एक बाई खेकसली. माझाच आवाज. "अवो शूटिंगवाले, तोंड काऊन पाडलं? पोरगी देली, वावर नाही. हासा जरासं! अन् गाडी निघाली तिकडं, घ्या नं!"

मी विसरूनच गेली होती हे. मान खाली दिसली होती, पण कॅमेरा तोंडापुढं होता, त्यायचं रडणं मले दिसलं नव्हतं.

अन् ते हासले. हं हं हं. रडता रडताच हासले. "घेऊन राह्यलो वच्छे, घेऊन राह्यलो," म्हणत चित्र वर आलं, अन् फुफाट्यातून गाडी जाताना दिसली. सीडीतली पाठवणी तठूनच सुरू होते.

दीपकनं बंद कराले हात नेला, तं पुष्पांजलीनं त्याचा हात धरला. गाडी दिसेनाशी झाली, फुफाटा खाली बसला, तरी ती पाहतच होती. मंग माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं, इतकी मोठी बाई, भर दुकानात.

"आई," म्हणे, "बाबा होते वं माझ्या लग्नात."

"होते नं," म्हटलं.

तिनं पदरानं नाक पुसलं अन् दीपकले म्हणे, "भाऊ, अशीच अजून एक काढा, अन् हे सगळं तिच्यात बी टाका. एक माझ्या घरी राहीन."

दुसरी भरेपर्यंत मी पोरीकडंच मुक्काम केला. तिची डिस्क तिनं पातळाच्या घडीत, कपाटात ठेवली. माझी मी गोधडीत गुंडाळून सुलतानपूरले आणली.